पाणी ढकलायचं नसतं

मंडळी, वर्षभर मी मोबाईलवर बघून गच्चीत एकटीच ची कुंग करतेय. श्वासाबरोबर संथ हात हलवायचा तो चिनी व्यायाम. वाटायचं, जमलंय की! शिकवायला कुणी कशाला हवं?

आज सुट्टी होती, म्हणून पहिल्यांदाच बारामतीला एका बाईंच्या वर्गाला गेले. बाई मूळच्या कऱ्हाटीच्या, शेतकरी घरातल्या. दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तू पाणी ढकलतीयस. उसाला दारं धरताना, सरीत पाणी सोडताना, ते ढकलतं का कुनी? वाट मोकळी करायची. ते आपलं आपण जातंय."

आणि माझ्या खांद्यावर एक बोट टेकवलं. वर्षभर ते खांदे कानाला भिडलेले होते आणि मला पत्ताच नव्हता! ते खाली आले आणि बोटांच्या टोकांपर्यंत काहीतरी कोमट, संथ झुळझुळत गेलं.

त्याच गुंगीत दुपारी पिंपळीला घरी आले. आमचे आबा उसाला पाणी देत होते. खोऱ्यानं एक ढेकूळ बाजूला सारलं आणि पाणी पुढच्या सरीत निघालं. हातांना घाईच नाही, जणू झोपेत चाललेत.

विचारलं, "आबा, तुमाला दारं धरायला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाय. माझं मीच." पुढचं ढेकूळ सारत म्हणाले, "पन बाप बांधावर बसलेला असायचा. बोलायचा न्हाय काय."

उद्या पहाटे पुन्हा गच्चीत एकटीच उभी राहीन. पण खांद्यावर ते बोट असेल.

तुमच्या बांधावर कोण बसलंय?