नामिबियाच्या गाडीतली चौथी जागा

रविवारी मलकापूरला मेहुण्याच्या घरी आमच्या सफारीची मीटिंग होती. जेवणं झाली, टेबलावर नकाशा पसरला... आणि पुढं जे झालं ते आठवून मी अजून दुकानात एकटाच हसतोय.

सांगतो. मी, माझी बायको सुमन, तिचा भाऊ संपत आणि त्याची बायको रेखावहिनी असे चौघं पुढच्या ऑक्टोबरात आफ्रिकेत, नामिबियाला जायचं ठरवत होतो. तिथं जीप भाड्यानं घ्यायची, जीपच्या टपावर तंबू, आणि स्वतः चालवत वाळवंटातून जंगलाकडं जायचं.

संपत फौजेत ड्रायव्हर होता, राजस्थानच्या वाळूत त्यानं ट्रक चालवलेत. तिकडंही गाड्या डावीकडूनच चालतात हे कळल्यावर तो म्हणाला, "मग काय दाजी! कोयनेच्या घाटापेक्षा सोपं हाय. समोरनं उसाची ट्रॉली तर येणार न्हाई."

सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात गोड बातमी आली. संपतची मुलगी नेमकी ऑक्टोबरात बाळंत होणार. वहिनींनी आनंदानं आपलं नाव मागं घेतलं... आणि आम्ही उरलो तिघं.

इथं सुमन अडून बसली. "तीन तिघाडा, काम बिघाडा. एक तर चौथं माणूस बघा, न्हाईतर कॅन्सल करा. सिंहाच्या मुलखात तिघांनी जायचं न्हाई म्हणजे न्हाई."

मी तिला हसलो नाही. मीही देवाधर्माचा माणूस आहे. पण तोडगाही आपल्याकडंच आहे की... तिघं निघाले तर सोबत एक सुपारी घ्यायची, ती चौथी. पूजेत सुपारीचा गणपती चालतो, मग जीपमध्ये का नाही चालणार? सुमनला ते पटलं आणि आमचा जीव भांड्यात पडला.

गाडी देणाऱ्या तिकडच्या बाईंचा मेसेज येऊन पडला होता. माणसं चार की तीन, नक्की कळवा. संपत पडला फौजी, खोटं लिहिणार नाही. त्यानं आपल्या इंग्रजीत टाइप केलं, "थ्री पर्सन, अँड फोर्थ बीटल नट."

थोड्या वेळानं बाईंचं उत्तर आलं. मिस्टर नट लहान आहेत की मोठे? लहान असतील तर बेबी सीट बसवून ठेवते...

आम्ही तिघं अक्षरशः लोळलो. सुमनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

कोपऱ्यात मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. "काय झालं रं संपत? मलाबी सांग की." त्यानं सांगितलं. त्याही तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या. मग सहज बोलाव्यात तशा बोलल्या, "आरं, सुपारीला जागा हाय व्हय गाडीत? मग मी आले असते की."

हसणं थांबलं.

सुमन म्हणाली, "आय, तुझं गुडघं, तुझं बीपी... लय लांब हाय गं ते." संपत म्हणाला, "तंबू टपावर आसतोय. शिडीनं चढायला लागतंय."

"बरं, ऱ्हाऊ द्या. सहज बोलले." मामींनी मान खाली घातली. मी बघत होतो... सोललेलीच पाकळी त्या परत सोलत होत्या.

मी विचारलं, "मामी, सिंह बघायचाय का?"

"न्हाई वं पाव्हणं. सिंव्ह बघून काय करू? तुमी त्या फोटोत माळ दावत हुता न्हवं, मोकळा... त्यो बघायचाय. हितं गॅलरीत उभी ऱ्हायली की समोरच्याची पाण्याची टाकी दिसती. नजर लांब जाईतच न्हाई."

मामींचं माहेर माण तालुक्यातलं. लहानपण सगळं मेंढरांमागं उघड्या माळावर गेलेलं. लग्न झालं, पोरं शिकली, संपतनं फ्लॅट घेतला... त्या कधी कशाला नाही म्हणाल्या नाहीत.

कित्येक रविवार आम्ही त्याच खोलीत बसून बोलत होतो. रस्ते, टायर, कुठल्या पाणवठ्यावर हत्ती येतात... सगळं. त्या तिथंच बसून ऐकत होत्या. तुम्ही येता का, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

संपतनं मोबाईल उचलला. मी म्हटलं, "आता काय लिहितोस?"

"नट कॅन्सल. मदर कमिंग."

शिडीचंही लिहिलं. बाईंनी कळवलं, काळजी करू नका, मुक्कामाच्या ठिकाणी खोल्याही असतात, आईंना खाली पलंग मिळेल. शेवटी एक लाल बदाम पाठवला होता. संपतनं तो मामींना दाखवला. "ह्ये काय?" "तू ये म्हणत्यात, आय." मामी म्हणाल्या, "मग भाकरीचं पीठ घ्यायला लागंल."

डॉक्टरांनीही मोडता घातला नाही. गोळ्या वेळेवर घ्या आणि खुशाल जाऊन या, म्हणाले.

काल त्यांना पासपोर्टच्या फोटोला घेऊन गेलो. इस्त्रीची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. स्टुडिओवाला सारखा म्हणत होता, "आजी, हसू नका. दात दिसले की फोटो चालत नाही." मामी ओठ घट्ट मिटायच्या, तो बटण दाबायला गेला की पुन्हा दात दिसायचे.

"आवं दादा, मी न्हाई हसत," त्या शेवटी काकुळतीला आल्या. "आपसूक हुतंय ह्ये."

मी दारात त्यांची पिशवी धरून उभा होतो. मनातल्या मनात हात जोडले... आणि देवाकडं मागण्यासारखं काही आठवेना.