ठिपक्यांच्या कागदावरचं मत

माझी शाळा लवकर सुटली, पण एक धडा पक्का लक्षात राहिला. दिसत नाही, ऐकू येत नाही अशी ती अमेरिकेतली मुलगी, तिच्या हातावर पंपाच्या पाण्याची धार आणि तळहातावर बोटांनी दिलेला शब्द. पुढं मी लेकीकडे शिकागोजवळ राहायला आले आणि बघते तर काय, शेजारच्याच घरात तशी एक बाई! माझ्याच वयाची. तरुणपणी आजारात डोळे आणि कान दोन्ही गेलेले. बोलायची मात्र छान, जरा घोगऱ्या आवाजात. आपण तिच्या तळहातावर एकेक इंग्रजी अक्षर गिरवायचं. माझं इंग्रजी तसंही अडखळतच चालणारं, त्यामुळे आमचं जमलं.

मी कौतुकानं तिला तो धडा सांगितला, तर ती फणकारली. "सगळे तिला त्या पंपापाशीच सोडून जातात! अगं, ती मोठी झाली, बायकांना मत मिळावं म्हणून भांडली, कामगारांच्या बाजूनं बोलली. ते कोण सांगणार?"

२००८ची निवडणूक तोंडावर आली होती. हिचा एकच हट्ट: या वेळी मत मी एकटीनं देणार, कुणाला न कळता. आजवर दर वेळी कुणीतरी तिच्या सांगण्यावरून कागद भरला होता. केंद्रावर अंधांसाठी नवं मशीन आलं होतं खरं, पण ते कानात बोलायचं. "बहिरीला बोलकं मशीन!" म्हणून ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मी सांगितलं तिथेच खूण केली, हे मला कोण सांगणार? खूण करणाराच ना?"

मला आमचा रांगोळीचा ठिपक्यांचा कागद आठवला. जाड कागदाला उदबत्तीनं सारख्या अंतरावर भोकं पाडायची, वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके उमटतात. नमुन्याची मतपत्रिका घरी आली होती, अगदी खऱ्या मापाची. ती नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवली आणि शाई भरायची तेवढी वर्तुळं उदबत्तीनं जाळत बसले. थोड्या वेळानं छतावरून नुसता कलकलाट! लेक जिन्यावरून धावत आली.

"आई! स्मोक अलार्म वाजतोय! काय जाळतेयस?"

शेजारीण निवांत चहा पीत होती. म्हणाली, "वास छान आहे गं."

मग उमेदवारांची नावं मी तिच्या तळहातावर गिरवली, तिनं ब्रेलच्या पट्ट्या करून भोकांशेजारी चिकटवल्या. मतदानापर्यंत तो पुठ्ठा तिच्या मांडीवरच असायचा.

त्या दिवशी लेकीनं ड्राइव्ह करून नेलं. टेबलामागचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हीच भरा की त्यांचा कागद. चालतं."

मी ते तिला गिरवून सांगितलं. ती ताठ झाली. "माझ्याशी बोला. ही माझी मैत्रीण आहे, माझा हात नाही."

रांग थांबली. त्यानं पुठ्ठा उलटसुलट केला, वाससुद्धा घेतला, मग कुणाला तरी फोन लावला. लेक माझ्या कानाशी लागली, "आई, भरून टाक ना पटकन, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत," मी म्हटलं. "ही किती वर्षं खोळंबलीय!"

फोन ठेवून त्यानं पुठ्ठा कोऱ्या मतपत्रिकेवर ठेवून पाहिला. प्रत्येक भोकाखाली एक वर्तुळ. "जा," म्हणाला.

आडोशापाशी नेऊन मी तिच्या हातात पेन दिलं आणि लांब जाऊन पाठ करून उभी राहिले. बराच वेळ लागला. ती आली ती कागद छातीशी धरून, आणि मतं मोजणाऱ्या मशीनच्या फटीत तिनं तो स्वतःच्या हातानं सरकवला.

गाडीत लेकीला राहवेना. "आई, व्होट कुणाला दिलं गं त्यांनी?"

मी तिचा प्रश्न शेजारणीच्या तळहातावर गिरवला. तिनं माझ्या बोटासकट मूठ मिटून घेतली.

"मला काय माहीत!" मी म्हटलं, ते इतक्या आनंदानं की लेक आरशातून माझ्याकडे बघतच राहिली.