होडीखालचा तूस

आमची होडी गळत होती आणि परवान्याची तपासणी तोंडावर आली होती. सावित्रीच्या खाडीतून माणसं पलीकडे सव गावच्या गरम कुंडांकडे नेणं हाच वडिलांचा धंदा. परवाना गेला की तो बंद. मी तेव्हा महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते.

तळाची डागडुजी होडीवाले स्वतःच करत. पौर्णिमेच्या उधाणाला होडी काठावर चढवायची, पाणी उतरलं की फळ्या खरवडायच्या, फटींत कापूस ठासून वर वितळलेलं डांबर फासायचं आणि अमावस्येच्या उधाणाला तिला पुन्हा पाण्यात सोडायची. डांबराच्या डब्याखाली विस्तव मात्र सगळे अगदी पाण्याच्या कडेला पेटवत. आग भडकली तर पाणी हाताशी असावं म्हणून. सांडलेलं डांबर खाडीत जाई. मासेमारांची जाळी काळी होऊन वर येऊ लागली, तक्रारी झाल्या आणि बंदरावरच्या साहेबांनी हुकूम काढला: काठावर डांबरकाम बंद, होड्या खाडीच्या मुखाजवळच्या होडी-दुरुस्तीच्या कारखान्यात न्या. आमची होडी तिथवर तरंगत पोचलीच नसती.

"हुकूम साहेबाचा हाय. उधाण कुणाच्या हुकमानं येतं, ते इचार त्याला," वडील म्हणाले.

मला हुकूम अन्यायाचा वाटत नव्हता, अपुरा वाटत होता. त्यात जागेचा विचार होता, सांडणाऱ्या थेंबांचा नव्हता. होडी चढवल्यावर मी तिच्याखाली जुनी पोती अंथरली, त्यांवर भाताच्या गिरणीतला तूस जाड पसरला. विस्तव काठापासून दूर नेला, शेजारी वाळूची घमेली ठेवली. मग साहेबांना गाठलं.

"शिकलेल्या मुलीच नियम मोडायला लागल्या तर कसं व्हायचं?" ते म्हणाले.

"मोडत नाही, साहेब. डांबर पाण्यात जाऊ नये, एवढंच हवंय ना? बघायला चला."

ते आले. काठीनं तूस उकरून पाहिला.

"भरती आली की हे सगळं खाडीतच जाणार."

"पौर्णिमेनंतर भरती रोज थोडी खालीच राहते. ती पुन्हा चढायच्या आत पोती उचललेली असतील."

"आणि नसली तर?"

"तर होडी जप्त करा."

डांबराचा कुंचला हातात धरून वडील मागे वळले. "होडी माझी हाय गो. जप्त करायला तुझं काय ते दे."

साहेबांना हसू आवरेना. परवानगी मिळाली, फक्त आमच्या होडीपुरती.

अमावस्येच्या आधीच मी पोती गुंडाळून वर नेली. तपासणीला साहेब स्वतः होडीत बसून सवपर्यंत जाऊन आले, पायाखालची सुटी फळी उचलून त्यांनी आत तळाशी हात फिरवला. हात कोरडा निघाला. परवाना तिथंच पक्का झाला.

"बाकीच्यांनाही मोकळीक देतो," ते मला म्हणाले. "पण ते पोती उचलतात की नाही, ते तुम्ही बघायचं."

पुढच्या उधाणापासून मी काठावर फिरू लागले. होडीवाले मला पाहून मुकाट्यानं तूस गोळा करत. मुकाट्यानं म्हणजे, मला स्पष्ट ऐकू येईल एवढ्याच आवाजात कुरकुरत.