कोठीमागची वायर

स्मार्ट मीटरच्या विरोधात आमच्या गावात सगळ्यात जास्त कुणी बोंबललं असेल, तर मी. ग्रामसभेत बायका कडेला बसतात. मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि तोंडाचा पट्टा सोडला. हे मीटर पळतं, दुप्पट बिल येतं, मोबाईलसारखे आधी पैसे भरा म्हणतील, बीडात बसून कुणीतरी बटण दाबलं की आमच्या घरात अंधार! लई टाळ्या पडल्या. यातलं मला स्वतःला किती पटत होतं ते विचारू नका. मला खरी धास्ती होती ती वायरमनच्या एका वाक्याची. तो बिचारा कौतुकानं सांगत होता की कोणत्या घरात किती वाजता किती लाईट जळली, ते आता मोबाईलवर दिसणार.

म्हणजे माझी चोरी दिसणार होती.

ही चोरी घरातल्या घरातली. चार वर्षांखाली दिराची आणि आमची वाटणी झाली. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं, आणि घराच्या मधोमध भिंत आली. लाईटचं कनेक्शन राहिलं आमच्या नावावर. दिराला स्वतःचं मीटर घ्यायचं तर कागदावर माझ्या मालकांची सही पाहिजे. मालक म्हणायचे, त्यानं माझ्या दारात येऊन मागावी. दीर म्हणायचा, मेलो तरी जाणार न्हाई. एकाच आईची लेकरं, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं.

दिवाळी झाली की दीर शिरूरकडच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जातो. जाऊही जायची. तीन वर्षांखाली उसाची मोळी उचलताना तिची कंबर गेली. डॉक्टरनं वजन उचलायला साफ मनाई केली. मग तिनं मोटारीची शिलाई मशीन घेतली आणि गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला लागली. पायानं चालवायची मशीन त्या कमरेला झेपत नाही, आणि मोटारीला लाईट पाहिजे. तेव्हा मी आमच्या ज्वारीच्या कोठीमागं भिंतीला भोक पाडलं, छत्रीच्या काडीला वायर बांधून आत सरकवली, आणि पलीकडून तिनं ओढून घेतली. मालक दिवसभर शेळ्यांमागं रानात, त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. पण कधी कळलं आणि त्यांनी वायर तोडली, तर जावेची मशीन बंद, आणि तिला त्याच कमरेनं पुन्हा उसाच्या फडात जावं लागणार. माझं सगळं बोंबलणं त्यासाठी होतं.

आणि मीटर बसलं कधी, तर मी संकष्टीला लिंबागणेशला गेलते तेव्हा. दर्शन घेऊन परत येते तर भिंतीवर नवाकोरा डबा. मालकांनी गुपचूप बसवून घेतलं होतं, वर त्या माणसांना चहा पाजला होता. सगळ्या गावाला अडवणारी मी, आणि माझ्याच घरात हे! मला असा राग आला की त्या दिवशी मी त्यांना प्रसादसुद्धा दिला नाही.

पुढं मालकांना मोबाईलवर लाईट बघायचा नाद लागला. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, आपण दोघं रानात, घराला कुलूप, तरी भर दुपारी लाईट काहून जळते? मी घाईघाईनं म्हणाले, मी आधीपासून सांगतेय की ते मीटर खोटं आहे. माझ्या जिभेला काही हाड आहे का! त्यांना ते पक्कं पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मला एका शब्दानं न सांगता, त्यांनी गल्लीतली चार माणसं आणि वायरमन दारात आणून उभे केले. मीटर खोटं असल्याचं त्यांना सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं होतं.

त्यांनी पंखा, टीव्ही, फ्रीज सगळं बंद केलं आणि माणसांना घरभर फिरवलं. मग सगळे बाहेर मीटरपाशी आले. मीटरवरचा लाल दिवा लाईट जळत असल्यासारखा लुकलुकतच होता. माणसं माझ्याकडं मानानं बघायला लागली, ही बाई म्हणत होती ते खरं निघालं म्हणून. पलीकडं जावेची मशीन घरघरत होती, पण तो आवाज रोजचाच, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

वायरमन म्हणाला, आता मेन स्वीच पाडा.

मालकांनी मेन पाडला. दिवा थांबला, आणि भिंतीपलीकडची मशीनही थांबली. कुणी काही बोलायच्या आत पलीकडून जावेचा आवाज आला.

"जाऊबाई, लाईट गेली का ओ?"

चारही माणसं खाली बघायला लागली. आता हे कोठी सरकवणार आणि वायर उपटणार, एवढंच माझ्या डोक्यात. मग मीही तोंड उघडलं.

"मीटर खरं हाय. खोटी मी हाय. वायर मी टाकली. तोडायची तर आधी तिची कंबर नीट करून आना."

मालक मेनवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मेन वर केला. मशीन काही सुरू झाली नाही, जाऊ बिचारी माझ्या उत्तराची वाट बघत होती. मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "आली म्हनावं."

चार वर्षांत त्या घरासाठी त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. तो मला भिंतीपलीकडं पोचवायचा होता. मीटरकडं तोंड करून मी पदरानं डोळे पुसले, आणि मी सांगायच्या आधीच पलीकडं मशीन सुरू झाली.

आठवड्याच्या आत मालकांनी त्या कागदावर सही केली. दीर मागायला आला नव्हता, तो तर अजून फडातच होता. आता आमच्या मीटरशेजारी जावेचं मीटर आहे, तेही स्मार्टच. कोठीमागची वायर मालकांनी स्वतः काढली आणि नीट गुंडाळून माळ्यावर ठेवली. मीटर पळतं का नाही ते मी अजून दर महिन्याला बघते, माझा काही एवढ्यात विश्वास बसत नाही.

परवा भरदुपारी सगळ्या गावाची लाईट गेली. सवयीनं पलीकडून आवाज आला, जाऊबाई, लाईट गेली का ओ? आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. मी हातातलं पीठ झटकून उत्तर द्यायला उठले, तर ओसरीवरून मालकच भिंतीकडं तोंड करून म्हणाले,

"गेली माय. आमची बी गेली."