मेव्हण्याची जागा

संघ जाहीर करायची वेळ आली की भाऊ आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि समोरच्या दहा-बारा जणांकडे बघत म्हणायचे, "आता मला कोणी दिसत नाही. ऐका." नंबर चांगला जाड होता, त्यामुळे खरंच दिसत नसावं. मग सात नावं घडाघडा म्हणून टाकायची आणि चष्मा परत नाकावर. तेवढ्यात कुणाचा चेहरा पडला, कुणी ओठ चावला, हे बघायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

तुम्ही म्हणाल, कबड्डीच्या सात गड्यांसाठी एवढं नाटक कशाला? आणि तेसुद्धा अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या पार्कात, जिथे बघायला आमच्या मुलांशिवाय आणि दोन-चार कुत्री फिरवणाऱ्यांशिवाय कोणी नसायचं! मीही म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. "भाऊ, तुम्ही लोकसभेची तिकिटं वाटताय की काय?" ते हसायचे नाहीत. "मॅडम, निवड म्हणजे निवड."

भाऊ आमचे शेजारी. टाउनहाउसची भिंत एकच. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्याकडे ऐकू यायच्या, आणि माझ्या हातून काही पडलं की वहिनी पलीकडून ओरडायच्या, "काय गं फुटलं?" मला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई, दिवसभर करणार काय? भाऊंनी मला गुण मोजायला बसवलं. माझा नवरा संघात डावा कोपरा सांभाळायचा, पण माझी नेमणूक त्याची बायको म्हणून झालेली नाही, हे भाऊंनी मला मुद्दाम दारात येऊन सांगितलं. "तुमची बेरीज पक्की आहे म्हणून घेतलं." घ्या! एवढं सर्टिफिकेट मला सासरी कधी मिळालं नाही.

पार्कात रंगाने रेषा मारायची मनाई होती. म्हणून भाऊ कणकेने मैदान आखायचे. दर रविवारी सकाळी इंडियन स्टोअरमधल्या कणकेची पिशवी घेऊन, वाकून, दोरी लावून. आणि तळ्यावरची बदकं मागून येऊन ती रेषा खात जायची. एकदा तर मधली रेषाच गायब. भाऊ पिशवी घेऊन बदकांच्या मागे आणि बदकं भाऊंच्या मागे. हसून हसून आमचे खेळाडू सामन्याआधीच दमले.

पण माणूस नाकासमोर चालणारा. तरुणपणी ठाण्याला असताना जिल्ह्याच्या संघात त्यांची निवड ठरल्यासारखी होती. ऐनवेळी कुठल्याशा साहेबांचा भाचा आला आणि भाऊ बाहेर बसले. ही गोष्ट ते कधी रंगवून सांगायचे नाहीत. एका वाक्यात सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आपल्याकडे वशिला चालणार नाही." वीस वर्षं अमेरिकेत राहून, सिनियर मॅनेजर होऊनसुद्धा तो भाचा त्यांच्या मनातून काही उठला नव्हता.

दोन हजार दोनचा उन्हाळा आठवतोय ना? नोकऱ्या पटापट जात होत्या. या रविवारी खेळलेला गडी पुढच्या रविवारी सामान बांधत असायचा. घर सोडून निघालेल्यांच्या गराज सेलमधून मी तेव्हा दोन मिक्सर घेतले, दोन्ही ओळखीच्यांचे. अशात आमचा विनायक पडला. विनायक म्हणजे संघाचा हुकमी चढाईपटू. प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरून दोघातिघांना शिवून येणारा. उन्हाळी स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात पकडीत गुडघा पिरगळला, लिगामेंट दुखावलं, कुबड्या आल्या.

भाऊ त्याला स्वतः हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. तिथेच त्याला म्हणाले, "तुझी जागा तुझीच. उठून गेलेल्याचं ताट आपण उचलत नाही." विनायकच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हालाही ते फार आवडलं. चांगलंच होतं की ते!

राखीव गडी केव्हाच सामान बांधून गेले होते; आता सातवा गडी कुठून आणायचा? तेव्हा वहिनींचा धाकटा भाऊ समीर त्यांच्याकडे येऊन राहिला होता. कराडचा मुलगा, दुसऱ्या राज्यात, अर्विंगला नोकरीला होता, कंपनी बंद पडली. बहिणीच्या सोफ्यावर झोपायचा, दिवसभर अर्ज पाठवायचा, इंटरव्ह्यूसाठी फोनची वाट बघायचा. अंगाने काडी. भाऊ त्याला घ्यायलाच तयार नव्हते. शेवटी सगळ्यांनी गळ घातली, तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "नाइलाज म्हणून घेतोय. घरचा म्हणून नव्हे." समीर बाजूलाच उभा होता. तो हसला. "बरं, दाजी."

"मैदानावर मी कुणाचा दाजी नाही," भाऊ म्हणाले. "सगळे म्हणतात तसं भाऊ म्हणायचं."

आणि त्या काडीने काय धमाल उडवली म्हणून सांगू! लांब पाय, वाऱ्यासारखा वळायचा, हाताला लागतोय म्हणेपर्यंत मधल्या रेषेच्या अलीकडे. शेजारच्या सनीव्हेलची टीम आम्हाला दर वर्षी धूळ चारायची, त्यांना आम्ही हरवलं. सेमीफायनलला त्याने अख्खा संघ जवळजवळ एकट्याने गार केला. मी गुण लिहायचे सोडून नाचत होते. भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली नाही. इतर सहा जणांच्या मारली. घरी मात्र, वहिनी सांगायच्या, भाऊ एकटेच सोफ्यावर बसून हात फिरवून फिरवून त्याची चढाई करून बघायचे.

नोकरी काही मिळाली नाही. व्हिसाची मुदत संपत आली, परतीचं तिकीट निघालं. फायनल रविवारी, विमान मंगळवारी. शनिवारी समीर आमच्याकडे डबा द्यायला आला, तेव्हा मी म्हटलं, "वाईट वाटतं रे."

"वाटतं ना ताई. गावभर पेढे वाटून आलो होतो इकडे. काहीच जमलं नाही." मग एकदम चेहरा उजळला. "पण हे जमलं की! फायनल खेळून जातो. आईला सांगायला एवढं तरी झालं."

त्याच दिवशी दुपारी भाऊंना विनायकचा फोन आला होता. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. विनायक प्रामाणिक मुलगा. म्हणाला, "भाऊ, मी बाहेर बसेन. समीर मस्त खेळतोय." भाऊ म्हणाले, "बघू."

काय बघितलं ते त्यांनाच ठाऊक. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. विनायकला दिलेला शब्द होताच, पण खरं कारण ते नव्हतं असं मला आजही वाटतं. विनायकने स्वतःच त्यांना त्या शब्दातून मोकळं केलं होतं. भाऊंना भीती होती ती मेव्हण्याची. फायनलला मेव्हणा आत आणि मूळ खेळाडू बाहेर, हे लोकांना कसं दिसेल? लोक म्हणजे कोण तर आम्हीच! आणि आमच्यातल्या एकाच्याही मनात तसलं काही नव्हतं.

रविवारी सकाळी भाऊ, वहिनी आणि समीर, तिघांनी एका टेबलावर पोहे खाल्ले. समीरने जर्सी आदल्या दिवशीच हाताने धुवून वाळवली होती. भाऊंनी त्याला गाडीत शेजारी बसवून क्युपर्टिनोला, फायनलच्या मैदानावर आणलं. वाटेत म्हणे जुनी नाट्यगीतं लावली होती आणि दोघं गुणगुणत होते. पार्किंग लॉटमध्ये सगळे जमले. भाऊंनी चष्मा काढला. सात नावं म्हटली. सहा जुनी आणि सातवं विनायक.

समीर जर्सी घालून उभा होता.  नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. विनायक पुढे येऊन म्हणाला, "भाऊ, अहो, माझं ऐका ना," तर भाऊंनी हात वर केला. "निवड झाली." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की काय सांगू. खिशातून तो चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवावा असं वाटत होतं.

सामना आम्ही हरलो. विनायकची चूक नव्हती. गुडघा बरा झाला होता, पण त्याचा गुडघ्यावर विश्वास बसत नव्हता. पाऊल खोल टाकायचा आणि अर्ध्यातून मागे घ्यायचा. मध्यंतराला आम्ही थोडेच गुण मागे होतो. तो घाम पुसत भाऊंकडे आला. "मला काढा. समीरला पाठवा." सगळे तेच म्हणाले. माझा नवरा तर हात जोडून म्हणाला. भाऊ मान हलवत राहिले. "आता बदललं तर म्हणतील, मेव्हण्याला मागच्या दाराने घुसवला."

"कोण म्हणेल, भाऊ?" मी विचारलं.  समीर तेवढ्यात सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता. भाऊंच्या हातातही त्यानेच दिली.

संध्याकाळी मी वहिनींचं भांडं परत करायला गेले. समीर वर बॅग भरत होता. खाली वहिनी भाऊंसमोर उभ्या होत्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही.

"अहो, घरचा म्हणून वगळलंत, ते एक वेळ समजू शकते मी. पण घरचा होता ना? मग पोहे खाताना सांगायचं होतंत. गाडीत सांगायचं होतंत. दहा जणांत उभं करून ऐकवलंत त्याला."

"बाकीच्यांना कुठे आधी सांगितलं होतं?" भाऊ म्हणाले. "त्याला आधी सांगणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय."

हे ते अगदी मनापासून म्हणत होते, हो! मला हसूही येईना आणि रडूही. मी भांडं ओट्यावर ठेवलं आणि मागच्या मागे निघाले.

मंगळवारी समीर गेला. आम्ही सगळे विमानतळावर होतो. बहिणीच्या पाया पडला, मग भाऊंच्या पडला. "येतो, भाऊ." वहिनींनी चटकन वर बघितलं. घरात त्याने त्यांना दाजींशिवाय दुसरी हाक मारलेली नव्हती. भाऊंनाही ते कळलं. कारण परत येताना गाडी त्यांनी माझ्या नवऱ्याला चालवायला दिली.

पुढच्या वर्षी त्यांनी निवड करायचं सोडलं. "तुम्ही पोरं ठरवा," म्हणाले. रेषा आखायचे, बदकं हाकलायचे, सामना बघायचे. समीरला पुण्यात चांगली नोकरी लागली, नंतर बदली मागून तो कराडजवळच राहायला आला. लग्न ठरलं. भाऊ पंधरा दिवसांची रजा काढून गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय, मेव्हण्याने मान दिला की नाही?"

"दिला ना. सगळा दिला. फेटा, कापडं, पहिल्या पंगतीचा पाट." भाऊंनी चष्मा काढून पुसला. "थट्टा नाही केली हो त्याने एकदाही. मेव्हणा दाजींची थट्टा करतो की नाही?"

अशी शिक्षा आपल्याकडेच असते. मानपानात तसूभर कमी नाही, आणि बोट दाखवायला जागा नाही. भांडला असता तर भाऊंना बरं वाटलं असतं. मला समीरचाही राग यायचा कधी कधी, पण मग जर्सी घालून उभा असलेला तो आठवायचा.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात भाऊंनी नोकरी बदलली आणि त्यांनी अर्विंगला बिऱ्हाड हलवलं. तिथे दोन वर्षांत भाऊ गेले. ऑफिसमधून येऊन खुर्चीत बसले आणि गेले. वहिनींचा फोन आला तेव्हा मी इतकी रडले की नवरा घाबरला. एवढा भला, एवढा हट्टी, एवढा वेडा माणूस मला पुन्हा शेजारी मिळायचा नाही.

ते इथून निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. त्यांचा फोन कापला होता म्हणून ते आमच्याकडे आले. "मॅडम, कराडला एक फोन करू?" तिकडे सकाळ होती. मी पोळ्या करत होते. कॉलिंग कार्डाचे ते लांबलचक आकडे दाबताना त्यांनी स्पीकर चालू केला होता, तो तसाच राहिला. समीरनेच उचलला. पाऊस कसा आहे, गाडी घेतलीस म्हणे, अॅव्हरेज किती देते, बाळाचे दात आले का, इकडे सामान बांधून झालं, तिकडे उन्हाळा फार. समीर सगळ्याला नीट उत्तरं देत होता. "बरं, ठेवतो," म्हणून भाऊंनी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले.

मग एकदम म्हणाले, "तुम्ही गुण मोजत होता. खरं सांगा. त्या दिवशी तो खेळला असता तर जिंकलो असतो आपण?"

चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो विषय काढला होता. मी गॅस बंद केला. "माहीत नाही, भाऊ. पण तो खेळून हरलो असतो तरी चाललं असतं."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. "हेच," ते म्हणाले. "हेच त्याला सांगायला फोन केला होता मी."

"मग सांगा की! अजून काही बिघडलं नाही. लावा पुन्हा."

त्यांनी लावला. सगळे आकडे पुन्हा दाबले, एकदा चुकले, परत पहिल्यापासून दाबले. स्पीकरवर रिंग वाजत होती तोवर त्यांनी घसा साफ केला. समीरच्या आईने उचलला. "अहो, तो आत्ता ह्या क्षणाला ऑफिसला निघाला. गाडीवर असेल, मोबाइल काही उचलायचा नाही. काही काम होतं का? निरोप सांगू?"

मी भाऊंना हाताने खुणावत होते, सांगा, सांगा. भाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"नाही, नाही. काही नाही," ते म्हणाले. "सहज केला होता म्हणावं."