काशाप्पाचे सराटे

हुमनाबादच्या एका खासगी कॉलेजात काशाप्पा रसायनाच्या प्रयोगशाळेत अटेंडर होता. अकरा वर्षं झाली, तरी टेम्पररीच. काचेच्या नळ्या धुवायच्या, ॲसिडनं भोकं पडलेला सदरा घालायचा, आणि पोरांना रेणू दाखवायला मॉडेल करायची. बाजारची मॉडेलं कॉलेजनं कधी घेतलीच न्हाईत. काशाप्पा ज्वारीच्या धांड्यातला भेंड काढायचा, त्याचे गोळे कोरून शाईनं रंगवायचा आणि बाभळीच्या काट्यांनी जोडायचा.

मिथेनवर त्याचा लई जीव. काळ्या गोळ्याला चार काटे. कुठलेबी दोन धरा, मधला कोन एकशे साडेनऊ अंश. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, म्हणून पोरांना सांगायचा, "मेंढराच्या खुरात घुसतोय तो सराटा बघितलाव का? कसाबी फेका, तीन काटे भुईला, एक वर. मिथेन म्हंजी सराटाच, फकस्त कॉलेजात आलेला."

पोरं हसायची, पण परीक्षेत चुकायची न्हाईत.

२००३ साली अटेंडरची एक पक्की जागा निघाली. त्याआधी प्रयोगशाळेची तपासणी व्हायची होती. बायको, अंबुबाई, तिनं सांगूनच टाकलं, "औंदा पक्क्या नोकरीचा कागुद न्हाई आला तर मी पुण्याला बांधकामावर जायलेय. तुमी चला, न्हाईतर बसा हितंच काटे टोचत."

तपासणीचा साहेब आला. मिथेन टेबलावर तीन काट्यांवर उभा होता. साहेबानं कोनमापक वरनं आडवं धरलं आणि खालच्या काट्यांमधला कोन बघितला.

"एकशे वीस! तप्पु," तो कन्नडात म्हणाला. चूक.

तिरपे काटे वरनं बघितल्यावर तसेच फाकलेले दिसणार. प्राचार्य विरुपाक्ष सरांना हे कळत होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"साहेब, दोन काट्यांच्या अंगानं तिरपं लावा," काशाप्पा म्हणाला. "मग बरोबर येतंय."

"तू मला शिकवायलास?"

"शिकवत न्हाई जी. ह्ये घ्या, तुमीच धरून बघा."

"सुम्निरु, काशाप्पा!" गप बस म्हणून प्राचार्य ओरडले. काशाप्पानं हातातला मिथेन परत टेबलावर ठेवला.

साहेबानं कोनमापक पुन्हा लावलं न्हाई. शेरा लिहिला: मॉडेल सदोष, अटेंडर अप्रशिक्षित. जागा सर्टिफिकेटवाल्या दुसऱ्या माणसाला मिळाली. मॉडेलं कॉलेजमागं फेकून दिली. भेंड बघून एका म्हशीनं तोंड घातलं, जिभेत काटा रुतला, आणि तिची मालकीण लिंगम्मा दोन दिवस काशाप्पाच्या सात पिढ्या काढत होती.

पुण्याची गाडी उमरग्याच्या अंगाला लागली तवा अंबुबाई बोलली.

"साहेबाच्या तोंडाला लागलाव कामून?"

"चुकत व्हता त्यो."

"कितीनं?"

"साडेधा अंश."

"म्हंजी किती?"

काशाप्पानं दोन बोटं जराशी फाकवून दाखवली. अंबुबाई त्या फटीकडं बघत राहिली.

"एवढंच?" म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.