गेस्टबुकात नसलेलं नाव

आमचा कोच उत्तर इंग्लंडातल्या आपल्या घरी परत जाणार हे कळलं, आणि क्लबच्या वेबसाइटवरचं गेस्टबुक दोन दिवसांत भरून वाहायला लागलं. तेव्हा प्रत्येक छोट्या क्लबच्या वेबसाइटला असं एक गेस्टबुक असायचं. कुणीही यावं, टोपणनाव टाकावं आणि मनातली गरळ ओकून जावं. आमचा क्लब त्सुफेनहाउझेनचा, तेरा जणांच्या रग्बीचा. जर्मनीत रग्बी म्हटलं की लोक विचारायचे, "ते अमेरिकन ना?" पंधरा जणांची रग्बी निदान थोडी तरी माहीत होती. आमची तेरा जणांची, सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला देऊन टाका असा नियम असलेली, ती खेळणारे आणि त्यांच्या आया सोडल्या तर कुणालाच ठाऊक नव्हती. पण पुढचा मुख्य कोच कोण यावरची चर्चा अशी, की जणू देशाचा चॅन्सलर निवडायचाय.

मी ते गेस्टबुक रोज वाचायचे, शब्दकोश मांडीवर घेऊन. आणि रोज एकच गोष्ट शोधायचे, माझं नाव. तेव्हा हे कुणाला सांगायची लाज वाटायची, आता वाटत नाही. मला ती जागा हवी होती.

मी सांगलीकडची. विद्यापीठाच्या कबड्डी संघात डावा कोपरा माझा असायचा. लग्न झालं, नवऱ्याला इथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी त्याच्यामागून आले, नोकरीची परवानगी नसलेल्या व्हिसावर. दुपारी चालायला जायचे तेव्हा वाटेत ते मैदान लागायचं. रेड्यांसारखी आडदांड पोरं एकमेकांच्या खांद्यांवर आदळायची आणि समोरचा निसटून जायचा. एकदा मला राहवलं नाही. कुंपणाबाहेरूनच कोचला म्हटलं, "ते तोंडाकडे बघतायत. पायाकडे बघायला सांगा." तो हसला नाही. दार उघडून म्हणाला, "ये, दाखव." जीन्सवरच गेले. नव्वद किलोचा एक बाप्या माझ्या अंगावर धावून आला, त्याने पाय टेकायची मी वाट पाहिली आणि टेकल्याबरोबर घोट्यांना मिठी मारली. तो आडवा झाला. पुढच्या मंगळवारी मैदानात शिरण्याआधी क्लबच्या सदस्यत्वाचा फॉर्म भरावा लागला, कारण विमा. जर्मनीत आधी फॉर्म, मग पकड.

त्यानंतर दोन वर्षं मंगळवारी आणि गुरुवारी पकडी शिकवायचं काम माझं. हातात हात गुंफून साखळी कशी करायची, कोपऱ्यातल्याने केव्हा झडप घालायची आणि मधल्याने केव्हा दम धरायचा, सगळं शिकवलं. अर्थात रग्बीत हात गुंफत नाहीत, पण एका ओळीत पुढे सरकायची सवय त्यातूनच लागते. आमच्याविरुद्ध होणारे गुण कमी झाले. कोच हे चारचौघांत बोलून दाखवायचा. प्रेक्षकांना मात्र मी पाण्याच्या बाटल्या देणारी बाई वाटायचे. गेस्टबुकात माझा उल्लेख एकदाच झाला होता: "त्या भारतीय बाईंचे बटाट्याचे गोळे या वेळीही असणार का?" माझे बटाटेवडे!

एका गुरुवारी सराव संपल्यावर क्लबचे अध्यक्ष माझ्याजवळ आले. निवृत्त ट्रामचालक, मोजकं बोलणारे. म्हणाले, "तुम्हाला जमेल. मुख्य कोच व्हाल का?"

मला हवं होतं तेच. आणि तोंडातून काय निघावं? "छे छे, मी कसली! माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत."

आता आपल्याकडे हे असंच असतं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने नको म्हणायचं. त्याने पुन्हा विचारायचं, याने "काहीतरीच काय" म्हणायचं. तिसऱ्यांदा मात्र "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून मान डोलवायची. पंगतीतलं श्रीखंड असो की मंडळाचं अध्यक्षपद, आग्रहाशिवाय घेतलं तर हावरट ठरतो माणूस. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "शाडे," म्हणजे अरेरे. खिशातून छोटी डायरी काढली, एक ओळ खोडली आणि सायकलवर बसून गेले. यादीत माझं नाव होतं हे मला ते खोडल्यावर कळलं.

पुढच्या मंगळवारी ते मैदानातल्या दिव्यांबद्दल बोलले. गुरुवारी जर्सी धुण्याबद्दल बोलले. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडले, दुसरं कोण होतं तिथे चिडायला?

"एकदाच विचारलं! परत विचारायला नको?"

"अगं, जर्मन आहेत ते," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस, त्यांनी 'नाही' असं लिहून घेतलं. गेनाऊ, म्हणजे अगदी तंतोतंत! ऑफिसात मी एकदा केकला नको म्हणालो, तर वर्षभर माझ्या टेबलावर केक आला नाही."

"मग आता काय करू?"

"आता माग. मागितल्याशिवाय आईही जेवायला वाढत नाही."

म्हण मला त्याच्याआधीपासून माहीत होती. राग होता तो माहीत असूनही न मागितल्याचा. आधी नको म्हणायची जी रीत इतकी वर्षं शहाणपण म्हणून शिकले, तिनेच घात केला होता. दोन दिवस मी धुमसत होते आणि रडलेही. मग रडून झालं.

इकडे गेस्टबुकात दक्षिण फ्रान्समधल्या एका माजी खेळाडूचं नाव पुढे आलं होतं. कुणीतरी मैदानाबाहेर फ्रेंच नंबरप्लेटची गाडी पाहिली, आणि झालं! तो आला, त्याने मैदान पाहिलं, त्याला गवत आवडलं नाही, आवडलं, असं तीन दिवस चाललं. शेवटी कळलं की ती गाडी मैदान राखणाऱ्याच्या मेव्हण्याची. पण तोवर फ्रेंच माणसाचे भक्त तयार झाले होते. बाहेरचा आणावा की घरचा करावा, यावर आपल्याकडे क्रिकेटच्या कोचवरून जशी डोकी फुटायची तशीच तिथेही. घरचा म्हणून मग दोन जुन्या खेळाडूंची नावं आली. शेवटी धुसफूस इतकी वाढली की अध्यक्षांनी जाहीर केलं, निर्णय सदस्यांच्या सभेत मतदानाने होईल, ज्यांना नाव सुचवायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत लेखी द्यावं. त्या फ्रेंच माणसालाही कुणीतरी विचारलं, आणि तो हो म्हणाला. पहिल्याच फटक्यात! जुने खेळाडू मागे हटले.

जाणारा कोच मला म्हणाला, "मी सुचवतो तुझं नाव."

मी नको म्हटलं. या वेळी खरंच नको होतं. 'नाही' मीच म्हणाले होते, तेव्हा 'हो'ही मलाच म्हणायचं होतं. कागदावर उमेदवाराच्या जागी माझं नाव लिहिलं आणि सुचवणाऱ्याच्या जागीही माझंच. पेन दोनदा थांबलं. कागद क्लबच्या पत्रपेटीत न टाकता अध्यक्षांच्या घरी जाऊन हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून वाचला. "आल्झो," म्हणजे असं तर. "पण तुम्ही नाही म्हणाला होतात."

"हो. ती आमच्याकडची रीत. खरं उत्तर हे."

"मग तेव्हाच का नाही दिलंत?"

मी म्हटलं, "आज देतेय ना."

त्या रात्रीपासून गेस्टबुकात मीच मी होते. बाई? जिने स्वतः एक सामना खेळला नाही? एकाने कबड्डी शोधून काढून लिहिलं की हा श्वास रोखून बडबडायचा खेळ आहे. कुणी म्हणालं, देश बाई चालवतेय तर तेरा पोरांचं काय घेऊन बसलात. मी शब्द न शब्द वाचला, शब्दकोशासकट. मग आमच्याच एका खेळाडूने लिहिलं, "मंगळवारी या, आणि तिला चुकवून पळून दाखवा." मंगळवारी कुणी आलं नाही.

सभा रविवारी दुपारी, क्लबच्या खोलीत. फ्रेंच माणसाचं पत्र वाचून दाखवलं गेलं, छान पत्र होतं. मग मी उभी राहिले. पाठ केलेलं जर्मन पहिल्या दोन वाक्यांनंतर विसरले, म्हणून फळ्यावर आमची बचावाची ओळ काढली. ती कुठे फाटते आणि मी ती कशी शिवणार, एवढंच सांगितलं.

हात वर करून मतदान. फ्रेंच माणसाला अठरा. मला अठरा. तटस्थ कोणी? कुणीच नाही. अध्यक्षांनी हजेरीचा कागद बघितला, पुन्हा सगळी डोकी मोजली.

"सदतीस जण आहेत. एक हात कमी पडतोय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघत होते. माझे दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरलेले होते. आपलं मत आपल्यालाच कसं द्यायचं? आपल्याकडे उमेदवार मत दुसऱ्याला देतो, निदान तसं सांगतो तरी. अठरा माणसांनी माझ्यासाठी हात वर केले होते आणि मी त्यांच्यासमोर सोज्वळ होऊन बसले होते.

अध्यक्षांची नजर माझ्यावर थांबली. "तुम्हीही सदस्य आहात."

मी हात वर केला.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं. सभेच्या वृत्तांतात लिहावं लागतं ना.

"माझ्यासाठी," मी म्हटलं, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत हात खाली घेतला नाही.